बोट नाही, जेवण लागलं

बोटीवर गेलेल्या माणसाला बोट लागते. मला जेवण लागलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या कट्टा बाजारात या प्रकरणाच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरतायत. एका आवृत्तीत मी समुद्रात पडलो आणि (माझा आकार पाहून) लोकांनी आधी बोट वाचवली. दुसऱ्या आवृत्तीत बोटीवरच्या खानसाम्याने माझ्यामुळे राजीनामा दिला. दोन्ही साफ खोटं! खरं जे झालं ते याहून लाजिरवाणं आहे, म्हणून मीच सांगितलेलं बरं.

कट्ट्याला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंट, पत्रे, खिळे, रंग. मालवणचा समुद्र इथून गाडीने अर्ध्या तासावर, पण त्याचा आणि माझा संबंध बाजारातल्या सुरमईपुरताच. मोठ्या बोटीत पाय ठेवायचा प्रसंग आला तो आमच्या केतकीमुळे.

केतकी पुण्याला नोकरी करते. तिथे तिने सौरभ नावाचा मुलगा स्वतःच पसंत केला. मूळ गाव शिरोडा, आईवडील डोंबिवलीला. मुलगा चांगला, त्याची आई सुलभाताई गोड स्वभावाची. प्रश्न होता वडिलांचा. मोहनराव सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. पहाटे योगासनं, साखर बंद, तेल बंद, बोलणं छापील मराठीत. पोट होतं, पण तेही शिस्तीत इनशर्टमध्ये बसलेलं असायचं. ("आमच्या घराण्यात हाडंच रुंद," असं ते म्हणायचे. पोटात हाड कुठलं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.)

ही मंडळी आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या बायकोने, शैलाने, कोंबडी-वडे केले होते. वास बाहेर रस्त्यापर्यंत. मोहनरावांनी ताटाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "क्षमा करा. मी संध्याकाळी केवळ सूप घेतो."

ते गेल्यावर शैला टोप घासता घासता म्हणाली, "त्या माणसाक जीभ नाय! नुसतीच शिस्त आसा!"

मोहनराव जाताना ना हो म्हणाले, ना नाही. मग सौरभने शक्कल काढली. दोन्ही घरांनी मिळून क्रूझला जायचं. मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रात काढायच्या आणि परत मुंबई. "एकत्र राहिलं की माणसं कळतात," असं तो म्हणाला. (माणसं कळू नयेत म्हणूनच तर आपल्याकडे कांदेपोह्यांवर भागवतात, हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं.)

निघण्याआधी केतकीने मला फोनवर पढवलं.

"बाबा, तिथे जेवण मांडलेलं असतं. हवं तेवढं, हवं तेव्हा."

"हवं तेव्हा म्हणजे?"

"बाबा, तुमचा आवाज बदलला!"

"नाही गो. रेंज जातेय."

"नीट ऐका. लहान ताट घ्यायचं. एकदाच घ्यायचं. आणि ढेकर द्यायचा नाही. बाबा, प्लीज. सौरभच्या बाबांचं मत तुमच्यावर अडलंय. आणि मला तो खरंच आवडतो."

हे शेवटचं वाक्य तिने अशा आवाजात म्हटलं की मी फोनवरच मान डोलावली. मी शब्द दिला. त्या क्षणी तो खराच होता. मी उपाशीही नव्हतो.

बोट पाहिली आणि मी गारच पडलो. कट्ट्याचा अख्खा बाजार आत मांडला तरी वर मालवणची जेटी मावेल, एवढी! चढताना सगळ्यांच्या मनगटाला एक पट्टा बांधला. खाणं त्यात आलं, आणि सौरभने हौसेने पिण्याचाही पट्टा घेतला होता. म्हणजे सगळं आधीच भरलेलं. आता फुकटचं माणूस एक वेळ सोडू शकतो. पण आधीच भरलेलं कसं सोडणार? ते सोडायला संतच लागतो, आणि संत क्रूझला जात नाहीत.

जेवणघरात पाऊल टाकलं तर मांडणी या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणसं ताटं घेऊन अशी निघाली होती की जणू बोट संध्याकाळी बुडणार आहे आणि ही शेवटची संधी आहे. मी बांधकामाच्या धंद्यातला असल्याने माझं लक्ष रचनेकडे गेलं. अनुभवी मंडळी आधी नान अंथरतात, तो कोबा. त्यावर पुलाव. कडेने कटलेटांचं कुंपण, म्हणजे रस्सा बाहेर जात नाही. आणि वर गच्चीवर जिलेबी. एका काकूंनी तर पास्त्याची बाल्कनी काढली होती!

माझा हात मोठ्या ताटाकडे गेला. मागून केतकी खोकली. मी लहान ताट उचललं, त्यात काकडी घेतली, गाजर घेतलं आणि मोहनरावांसमोर जाऊन बसलो. त्यांच्यापुढे भोपळ्याचं सूप होतं.

"विनायकराव, आपली निवड पाहून आनंद झाला," ते म्हणाले. "पोटाला आपण आज्ञा द्यायची. त्याची आज्ञा घ्यायची नाही."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. तेवढ्यात शेजारून कोणीतरी कॅरमल कस्टर्ड घेऊन गेलं. ते कस्टर्ड चालताना थरथरत होतं. मीही.

शैला माझ्या कानाशी लागली. "असे काय बघतास? जीव जाता काय?"

"नाय. काकडी चावतंय."

चार वाजता शैला आणि सुलभाताई हाउजी खेळायला गेल्या. पोरं वरच्या डेकवर गेली. मोहनराव "ध्यान करतो" म्हणून खोलीत गेले. मी "जरा वारा खाऊन येतो" म्हणालो. यातलं 'खाऊन येतो' एवढं खरं होतं.

जेवणघरात चहाची वेळ चालू होती. चहा कुठेतरी कोपऱ्यात. बाकी समोसे, केक, बिर्याणी, शिवाय दुपारचं कस्टर्ड. मी ताट बांधायला घेतलं. (मोठं. लहान ताटं संपली होती, असं मी स्वतःला सांगितलं.) भरलेलं ताट घेऊन खांबामागची जागा शोधत गेलो, तर तिथे आधीच एकजण भिंतीकडे तोंड करून बसला होता. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, समोर मटण बिर्याणी, तिच्यावर समोसा, आणि बाजूला गुलाबजाम एका वाडग्यात काठोकाठ.

त्या माणसाने मान वळवली. त्याच्या गालात गुलाबजाम होता. ते मोहनराव होते.

त्यांना तोंडामुळे बोलता येत नव्हतं आणि मला धक्क्यामुळे.

"हे..." शेवटी गिळून ते म्हणाले, "हे मी सौरभसाठी नेत होतो."

"मीही," मी म्हणालो. "केतकीसाठी."

त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. मी त्यांच्या. एवढं खाणारी मुलं असती तर दोघांचंही लग्न जमलं नसतं.

मोहनरावांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे पाणावले होते. आणि मग त्या माणसाच्या तोंडून, ज्याने 'चहा'ला आजवर 'चहापान' म्हटलं होतं, शिरोड्याची अस्सल भाषा बाहेर पडली.

"बस रे विनायका. उभ्यान कित्या खातंस?"

मी बसलो.

"सूप पिऊन पिऊन माझ्या जिवाचो भोपळो झालो रे! निवृत्त झालंय, डॉक्टरान सांगितल्यान वजन कमी करा, आणि सुलभान मनावर घेतल्यान. घरात तेलाची बाटली कुलपात आसता. लोक सोना कुलपात ठेवतत!"

"पण आमच्याकडे तुम्ही स्वतःच नको म्हणालात..."

"सुलभा माझ्या बाजूक बसली होती! तुझ्या बायकोन केलेल्या कोंबडीचो वास माका डोंबिवलीपर्यंत येत होतो. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडलंय!"

हे ऐकून मला एवढं भरून आलं की मी माझं कस्टर्ड त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी मला एक गुलाबजाम दिला. सुपारी फुटली ती तिथेच. बाकी घरच्यांना ती नंतर कळली, एवढंच.

पुढचा सबंध दिवस आम्ही जे केलं त्याला बायकांच्या समजुतीप्रमाणे 'चालणं' म्हणतात. सकाळी उठून मोहनरावांनी माझ्या दारावर टकटक केली. "विनायकराव, येताय ना फेरफटक्याला?" आणि आम्ही खरोखरच चालत होतो! डोशापासून ऑम्लेटपर्यंत, ऑम्लेटपासून पुरीभाजीपर्यंत. शिवाय परत येऊन सगळ्यांबरोबर पुन्हा न्याहारी, पपईच्या फोडींची. सुलभाताई कौतुकाने शैलाला म्हणाल्या, "तुमच्या ह्यांची संगत लागल्यापासून आमचे हे किती खुलले आहेत!"

शैला माझ्याकडे संशयाने पाहत होती. काकडी खाऊन माझा पट्टा दोन भोकं पुढे कसा गेला, हे कोडं तिला सुटत नव्हतं.

दुपारी बायका पुन्हा हाउजीला बसल्या आणि आम्ही वरच्या डेकवरच्या बारकडे वळलो. मोहनराव निर्व्यसनी म्हणून डोंबिवलीत प्रसिद्ध. "पण नारळाचा पाणी तर औषध!" असं म्हणून त्यांनी शहाळ्यात येणारं एक पेय मागवलं. वर कागदाची छत्री. मी घोट घेतला. जन्म नारळाच्या झाडाखाली गेला, पण असं पाणी देणारा माड मी पाहिलेला नाही! तिसऱ्या शहाळ्यानंतर मोहनराव कठड्याला टेकून लांब बोट दाखवू लागले.

"तो बघ, विनायका! वेंगुर्ल्याचो दीपस्तंभ!"

"तो हलता."

"दीपस्तंभच तो. आपण हलतंव."

ती मालवाहू बोट होती. तिने भोंगा दिला तेव्हा मोहनरावांनी तिला नमस्कार केला.

तिथून आम्ही माशाच्या कालवणाकडे गेलो. पाटीवर 'कोकणी फिश करी' लिहिलं होतं. मोहनरावांनी चव घेतली आणि त्यांच्यातला सरकारी अधिकारी जागा झाला, पण बोलू लागला तो शिरोडकर. "तिरफळां खंय आसत? आणि खोबऱ्याचो पत्तो नाय! ह्याका कालवण म्हणतास? ह्या पिवळा पाणी!" वाढणारा आग्नेल नावाचा मिशीवाला गोवेकर होता. त्याला राग यायच्या ऐवजी उमाळा आला. "बाब, म्हाकाय हेंच दिसता!" (म्हणजे, मलाही हेच वाटतं) म्हणत त्याने मोहनरावांचा हात धरला आणि आतून स्वतःसाठी केलेलं कालवण आणलं. ते मात्र खरं होतं. आम्ही ते भाताबरोबर खाल्लं, मग पावाबरोबर, मग नुसतंच. आग्नेल म्हणाला, संध्याकाळी फिरनी आहे, तुमच्यासाठी बाजूला ठेवीन. त्या माणसाचं मन मोठं. आमचं पोटही कमी नव्हतं.

इतक्यात दारातून केतकी आत येताना दिसली! मोहनराव चपळाईने टेबलाखाली गेले. (योगासनांचा त्यांना झालेला तो एकमेव उपयोग.) मी जाऊ शकलो नाही; मी आणि टेबल यांच्यात अंतरच उरलं नव्हतं. मी समोरची ताटं शेजारच्या टेबलावर सरकवली. तिथे एक काटकुळ्या आजी एकट्याच लिंबूपाणी पीत बसल्या होत्या. केतकी जवळ आली, तिने मला हात केला, आजींसमोरचा ताटांचा डोंगर पाहिला आणि मला हळूच म्हणाली, "बघा बाबा, या वयातसुद्धा लोकांना आवरत नाही!"

संध्याकाळचं जेवण खास होतं. पांढरी टेबलं, मेणबत्त्या, सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. सौरभने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा आज बोलणार आहेत. होकार देणार आहेत." केतकीने आईची पैठणी नेसली होती. ती इतकी सुंदर दिसत होती आणि इतकी घाबरली होती की माझं काळीज हललं. काळजाच्या खाली आणखीही बरंच काही हललं, कारण नेमका तेव्हाच समुद्र खवळायला लागला होता.

टेबलावर सूप आलं. त्या वासानेच माझ्या कपाळावर घाम फुटला. मी मोहनरावांकडे पाहिलं. ते पानासारखे हिरवे झाले होते. तशातही ते उठून उभे राहिले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "आजच्या या मंगल प्रसंगी, उभय कुटुंबांच्या वतीने मला सांगण्यास अत्यंत..."

बोट डावीकडे कलली.

"...अत्यंत..."

बोट उजवीकडे कलली.

"विनायका, माका धर रे! माझ्या पोटात काय तरी फिरता!"

शैलाने पहिल्यांदाच त्यांच्याकडे आपल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मी धरायला उठलो आणि जोर लावताच माझ्या शर्टाचं मधलं बटण सुटून सुलभाताईंच्या सुपात पडलं.

"मी तुमका धरू, तर माका कोण धरतलो?" एवढंच मी म्हणू शकलो.

आम्ही एकमेकांना धरून दाराकडे धावलो. दारापर्यंत पोचलो की नाही, हे आमच्या दोन्ही घरांत अजून कोणी बोलत नाही.

बोटीवरच्या दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर आम्हाला आडवं केलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नागपूरकडच्या. खाटांच्या पायथ्याशी दोन्ही बायका आणि दोन्ही मुलं उभी.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सूप," मोहनराव डोळे मिटून म्हणाले.

"आणि काकडी," मी म्हणालो.

"दोघांनी?"

"दोघांत मिळून एक," मोहनराव म्हणाले. मित्र असावा तर असा!

डॉक्टरीणबाई पोट दाबून बघत होत्या. "काकडीने असं होत नाही हो काका," त्या म्हणाल्या. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि ट्रे घेऊन आग्नेल आत आला. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"बाब, तुम्ही आजारी पडलां म्हणून कळलं! तुमची फिरनी घेऊन आलोय. दुपारी एवढं जेवलां तुम्ही, कालवण, भात, पाव, वर शहाळी, म्हटलं गोड राहून जायला नको!"

सगळ्यांच्या नजरा आमच्या खाटांकडे वळल्या. आग्नेलने परिस्थिती ओळखली, ट्रे खाली ठेवला आणि मागे न वळता उलट्या पावली बाहेर गेला.

"बाबा," केतकीचा आवाज आला. "तुम्ही लहान ताट घेतलंत ना?"

"घेतलं गो."

"किती वेळा?"

मी छताकडे पाहिलं. केतकी भिंतीकडे वळली, आणि पैठणीचे खांदे हलू लागले. ते पाहून माझ्या पोटातली कळ कुठल्या कुठे गेली आणि छातीत उठली. एक पोरगी, एक मागणं, आणि तेही मला जमलं नाही. मी उठून बसायचा प्रयत्न केला. "सुलभाताई, चूक माझी आहे. पोरीवर राग काढू नका. तिने मला बजावलं होतं."

"खोटं बोलतोय तो!" शेजारच्या खाटेवरून मोहनराव. "मी त्याच्या आधी तिथे बसलो होतो!"

सुलभाताई नवऱ्याच्या खाटेच्या कडेला बसल्या.

"तुम्हाला काय वाटतं, माझं लक्ष नसतं?" त्या म्हणाल्या. "डोंबिवलीत हे रोज देवळात जातात आणि शर्टावर शेव घेऊन येतात. मला सगळं ठाऊक आहे. वाईट कशाचं वाटतं, सांगू? हे एकटेच खातात. कुठेतरी कोपऱ्यात उभे राहून, चोरासारखे. निवृत्त झाल्यापासून यांना हसताना पाहिलं नव्हतं मी. आज दुपारी वरच्या डेकवर कुणीतरी बोटीला नमस्कार करून खदाखदा हसत होतं. मी हाउजीच्या खिडकीतून पाहिलं, तर हे!"

त्यांनी डोळे पुसले. मग शैलाकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम कामाला लागला. "पण शैलाताई, मी एकटी किती ठिकाणी पुरणार? व्याही एकत्र आले की तुम्ही यांना बघायचं, मी त्यांना बघते. जमेल?"

"न जमूक काय झाला!" शैला म्हणाली. आमच्यापुढे बोलणी झाली, आमच्या जेवणाची वाटणी झाली, सणावारी कोणी कोणाच्या ताटावर नजर ठेवायची तेही ठरलं. सौरभने केतकीच्या खांद्यावर हात ठेवला. ती वळली तेव्हा कळलं की ती केव्हापासून रडत नसून हसत होती, आणि तिला थांबता येत नव्हतं.

"मग ठरलं?" तिने नाक पुसत विचारलं.

"माझ्याकडून केव्हाच," मोहनराव क्षीण आवाजात म्हणाले. "मटण बिर्याणीच्या वेळीच."

तोंड गोड करायला फिरनी होतीच. ती बायकांनी आणि मुलांनी खाल्ली. डॉक्टरीणबाईंनाही दिली. आम्हा दोघा व्याह्यांचं तोंड साखर-मिठाच्या पाण्याने गोड केलं, चमच्याचमच्याने.

लग्न आमच्या कट्ट्यालाच झालं. कोंबडी-वडे दुसऱ्या दिवशीसाठी ठेवले होते, आणि शैलाने मोहनरावांना स्वतः वाढले. (एकदाच. सुलभाताई मागे उभ्या होत्या.) लग्नात फोटोची वेळ आली तेव्हा आम्हा दोघांना शेजारीशेजारी उभं केलं. दोघांनीही नवे कोट घातले होते, श्वास कोंडला होता, चेहरे लाल झाले होते. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं, मान हलवली आणि अदबीने म्हणाला, "व्याही मंडळी, जरा पोट आत घ्या!"

आम्ही दोघे एकदमच ओरडलो, "अरे मेल्या, आत घेतलेलाच आसा!"